वेठ, वतन आणि ‘स्वयंसेवक’

मराठीतला ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. सत्तेच्या जोरावर, पुरेशा मोबदल्यावाचून करून घेतलेले काम हा त्याचा मूळ अर्थ. फारसीतून आलेला ‘बिगार’ त्याला पुढे येऊन मिळाला आणि ‘वेठबिगार’ असा जोडशब्द रूढ झाला. वेठीला धरणारा वरचा आणि धरला जाणारा खालचा, हे या शब्दाचे मूळचे व्याकरण. आज मात्र सफाई कामगारांनी चार दिवस झाडू खाली ठेवला की ‘शहर वेठीस’ असा मथळा आपण वाचतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ केली, त्यांच्याच नावावर वेठीस धरण्याचा आरोप जमा व्हावा, हा अर्थांतराचा नमुना भाषेच्या विद्यार्थ्यांनी केवळ नोंदवून सोडून देण्याजोगा नाही. सक्तीच्या श्रमाला दुसरे नाव देऊन झाकण्याचा आपला जुना परिपाठ त्यामागे आहे, असे आम्हांस वाटते. कचरा आणि घाण उपसण्याच्या कामाचा इतिहास पाहिला, तर तो विशेष स्पष्ट दिसतो.

या परिपाठातले पहिले नाव ‘वतन’. मेलेली जनावरे ओढणे, चावडी आणि वेस झाडणे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावणे ही कामे महारांच्या माथी होती आणि त्यांना वेळेचा धरबंध नव्हता. मोबदला म्हणून इनामाचा जमिनीचा तुकडा आणि बलुते. राबणूक संपूर्ण कुटुंबाची, पण कागदावर तो हक्क आणि मान. डॉ. आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या मानाचा हिशेब मागण्यासाठी. प्रत्यक्षात ही वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. संयुक्त प्रांतातही असाच प्रकार होता. तेथील १९१६ च्या नगरपालिका कायद्यात घरसफाईला झाडूवाल्याचा ‘रूढ हक्क’ म्हटले होते, आणि त्या हक्काच्या कामात हयगय झाल्यास त्याला दंड करण्याची तरतूदही होती! जो हक्क बजावला नाही म्हणून शिक्षा होते, त्याला हक्क कोणत्या शब्दकोशात म्हणावे?

गाव सोडून मुंबईला आलेल्यांच्या वाट्याला काम बहुधा तेच आले. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गावची येसकरकी आहे, आणि मुंबईच्या कावाखान्यात चिंध्या, कागद, काच वेचून आणणाऱ्या बायकाही आहेत. एकाच आत्मकथनात ही दोन्ही चित्रे यावीत हा योगायोग नव्हे. वेस बदलली, केरसुणी राहिली. तरीही महानगरपालिकेच्या नोकरीने एक मोठा फरक केला. हजेरीपट आला, रोख पगार आला, आणि १९३५ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली म्युनिसिपल कामगार संघ उभा राहिला. मालक कोण हे ठाऊक असल्यामुळे मागणे कोणापुढे मांडायचे हेही ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने बरेच काही दिले. घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार आणि सक्तीचे श्रम यांस मनाई केली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकाला मोकळे सोडले नाही. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने द्यावे, आणि वेतनवाटपाच्या वेळी त्याचा प्रतिनिधी समक्ष हजर असावा, अशी त्यात तरतूद होती. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्या. भगवतींनी आणखी पुढचे पाऊल टाकले. किमान वेतनाहून कमी दरात राबणारा माणूस कोणी दंडुका उगारला नसला तरी सक्तीचेच श्रम करीत असतो, कारण भूक हीही सक्ती आहे, असा त्या निकालाचा आशय. कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ मालकाला सुटता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट झाले.

मग नावे पुन्हा बदलली. १९७० चा कायदा २० किंवा अधिक कामगार असलेल्या कंत्राटदाराला लागू होता. मुंबईत कचरा उचलण्याचे काम त्याहून कमी माणसांच्या तुकड्यांत वाटले गेले. या पद्धतीला ‘हैदराबाद पॅटर्न’ असे नाव पडले. कंत्राटदार ‘संस्था’ झाला, कामगार ‘स्वयंसेवक’ झाला, वेतनाचे ‘मानधन’ झाले. गाडी महापालिकेची, कचरा शहराचा, काम रोजचे आणि कधीही न संपणारे. फक्त कामगार कोणाचाच नाही! कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे प्रकरण औद्योगिक न्यायाधिकरणापुढे नेले. ही कंत्राटे म्हणजे केवळ देखावा असून सुमारे २,७०० कामगार महापालिकेचेच आहेत, असा निर्णय २०१४ साली मिळाला. २०१६ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. या लढ्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर, कामगाराच्या नावासमोर मालकाचे खरे नाव लिहून घेणे.

‘आधुनिक गुलामगिरी’ हा शब्दप्रयोग अलीकडे उद्योगजगतात वारंवार कानी पडतो. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांवर दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. आपल्या धंद्यात आणि आपल्याला माल वा माणसे पुरविणाऱ्यांकडे गुलामगिरी राहू नये म्हणून काय केले, हे त्यात सांगायचे. हेतू चांगलाच आहे. पण निवेदनाला भाषा लागते, आणि भाषा काय काय झाकू शकते हे आपण वर पाहिले. वेतन वाटताना मूळ मालकाचा माणूस समोर उभा असावा, ही आपल्या १९७० च्या कायद्यातली साधी अट आम्हांला त्या निवेदनाहून अधिक भरवशाची वाटते.

तो कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली. आस्थापनेच्या ‘गाभ्याच्या’ कामांत कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, परंतु झाडलोट आणि सर्व प्रकारचा कचरा गोळा करणे हे काम, आस्थापना त्याचसाठी स्थापलेली नसल्यास, गाभ्याचे धरले जात नाही. नगरपालिका कशासाठी स्थापलेली असते? पुढील वाद या प्रश्नाभोवती फिरेल असे दिसते. गाभ्याबाहेरचे काम आणि वेशीबाहेरचा माणूस, या दोन कल्पनांमधले नाते वाचकांस वेगळे उलगडून सांगायला नको.

आणि ही साखळी कंत्राटदारापाशी संपतही नाही. तिच्या अगदी शेवटी कचरावेचक असतात. त्यांनी वेचलेले भंगारवाला घेतो, त्याच्याकडून ते कारखान्यात जाते. या टोकाला काय करता येते, याचा दाखला पुण्यात आहे. १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली, आणि २००८ साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ज्यांना कोणी कामगार मानत नव्हते, त्यांनी आधी आपले नाव कागदावर आणले आणि मगच दराची बोलणी केली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कोणत्याही पालिकेने वा कंपनीने आपल्या कंत्राटसाखळीतली वेठ रोखायची म्हटली, तर तीन गोष्टी आधी तपासाव्यात : हजेरीपटावर नाव कोणाचे आहे, वेतन कोणाच्या डोळ्यांदेखत हाती पडते, आणि काम नाकारल्यास त्या माणसाचे काय होते. भाषेच्या अध्यापकांकडे चौथे काम येते. वतन, हक्क, मानधन, स्वयंसेवा हे शब्द समोर आले की त्यांच्याखाली कोण राबते आहे हे विचारण्याचे. निदान ‘वेठीस’ हा शब्द वापरताना वेठ कोणाची, एवढे तरी आपल्या विद्यार्थ्यांना विचारता यावे.