जुन्या फोर्डच्या बॉनेटखालीं

जुनी मोटार नीट करावयास बसलेल्या माणसापुढें आरंभींच एक प्रश्न उभा राहतो: एंजिन उतरवावें, कीं जागींच ठेवून भोंवतालची सफाई करावी? उतरवून केलेलें काम पुरें व जागीं ठेवून केलेलें वरवरचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी, हें अमेरिकेंतील फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीच्या इतिहासावरून पाहूं.

ही गाडी १९०८ च्या ऑक्टोबरांत डेट्रॉइट शहरीं बाहेर पडली व १९२७ पर्यंत निघत राहिली. तेवढ्या अवधींत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. तत्पूर्वींच्या पुष्कळ एंजिनांत सिलिंडर व त्याचें डोकें हीं एकाच ओतकामांत असत. आंत काजळी धरली म्हणजे ती खरवडण्यासाठीं सबंध सिलिंडरच उचलावा लागे. फोर्डनें चारही सिलिंडर एका ठोकळ्यांत ओतले आणि त्यांवर झांकणासारखें निराळें डोकें पंधरा बोल्टांनीं आवळलें. रेडिएटरांतील पाणी सोडावें, नळी सुटी करावी, बोल्ट काढावे आणि डोकें उचलावें, कीं पिस्टनांचे माथे समोर उघडे! जवळपास कारागीर नसलेल्या शेतकऱ्यालाहि हें साधे. मालकांसाठीं काढलेली पुस्तिका तर प्रश्नोत्तररूपानेंच लिहिलेली होती. १९११ च्या सुमारास तळाशीं एक सुटें झांकण आलें; गाडीखालीं निजून त्यांतून पिस्टनांच्या दांड्यांचे जोड आवळतां येऊं लागले. बॉनेटहि दोन्ही बाजूंनीं उघडे व अख्खें उचलून बाजूस ठेवतां येई. सारांश, एंजिन जागीं ठेवून काम करणें ही आळशाची पळवाट नव्हे. ह्या गाडीची घडणच तशी आहे.

खरी अडचण निराळीच आहे. कोणता मळ काढावा आणि कोणता राखावा?

तेलाचें जुनें किटण रॉकेल व मऊ ब्रश ह्यांनीं हळूहळू सुटतें. पाण्याचा जोराचा फवारा मात्र मारूं नये. ह्या गाड्यांत १९२३ पर्यंत एंजिनामागील फळी लांकडाची असे, आणि ठिणगीचीं चार वेटोळीं लांकडी खोक्यांतच बसविलेलीं असत. पाणी मुरलें कीं दोन्हींचा नाश. डोक्याखालील गास्केट तांब्याचें असून त्याच्या पोटांत अॅस्बेस्टॉस असे. त्याचा चुरा श्वासांतून जाणें घातक असल्यामुळें तें कोरडें घांसूं नये. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, हेंहि विसरूं नये.

माझा रोख आहे तो चकाकीच्या हव्यासावर. पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच्या गाड्यांचे. पुढें ते काळे झाले. तेव्हां १९२० च्या गाडीवर लखलखीत पितळ चढविणारा गृहस्थ तिला सजवीत नाहीं, तिच्या तोंडून खोटी साक्ष वदवितो. काळ्या रंगाचेंहि असेंच. फोर्ड म्हणजे काळी, ही समजूत १९१४ ते १९२५ ह्या काळापुरती खरी; पहिल्या वर्षींच्या गाड्या लाल, हिरव्या, करड्याहि होत्या, आणि १९११ ते १९१३ मधील गाड्या गडद निळ्या. एखाद्या कोपऱ्यांत त्या निळ्याचा पापुद्रा उरला असेल, तर तारेच्या ब्रशाच्या एका फटक्यासरशीं तो जावयाचा, आणि मग त्याची साक्ष कोणी द्यावी? एंजिनाच्या डाव्या अंगास, पाणी आंत शिरतें त्या जागेच्या वर, क्रमांक ठोकलेला असतो. त्यावरून तें एंजिन केव्हां बनलें हें काढतां येतें. ओतीव लोखंड गुळगुळीत करण्याच्या भरांत हा क्रमांक घांसला, म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच फाडली.

एंजिन उतरवावें लागतच नाहीं असें मात्र नव्हे. मागचें मुख्य बेअरिंग झिजलें, तर दुसरा उपाय नाहीं. वीज उत्पन्न करणारे सोळा लोहचुंबक जड चाकावर बसविलेले आहेत. ते बदलावयाचे तरी एंजिन बाहेर काढणें भाग पडतें. पण चुंबक केवळ मंदावले असतील, तर बाहेरून बॅटऱ्यांचा प्रवाह देऊन त्यांना जागच्या जागीं पुन्हां जोर आणण्याची युक्ति जुन्या कारागिरांस ठाऊक होती, आणि आजहि ती चालते.