राजधानीच्या अलीकडचा मुक्काम

नगरांच्या उत्पत्तीची कारणे नाना प्रकारची असतात. कोणते किल्ल्याच्या आश्रयाने वाढते, कोणते तीर्थाच्या, कोणते बाजारपेठेच्या. परंतु वाटसरूला रात्रीपुरता निवारा मिळावा याच हेतूने ज्याची पायाभरणी झाली, असे गाझियाबादसारखे शहर विरळाच. इ. स. १७४० मध्ये निजाम-उल-मुल्क असफजाहाचा ज्येष्ठ पुत्र गाझिउद्दीन याने दिल्लीच्या पूर्वेस, हिंडन नदीपलीकडे, बंगालकडे जाणाऱ्या बादशाही सडकेवर एकशेवीस खोल्यांची, टोकदार कमानींची पक्की सराई उठवली आणि तिच्याभोवती जी वस्ती जमली तिला गाझिउद्दीननगर हे नाव पडले. आज त्या सराईचा दरवाजा, तटाचे काही अवशेष आणि चौदा फुटांच्या आसपास उंचीचा एक भक्कम खांब एवढेच शिल्लक असून आतली जागा लोकांच्या घरांनी कधीच व्यापली आहे.

हा गाझिउद्दीन मराठी वाचकाला अगदीच परका नाही. बाप दक्षिणेत गेल्यावर दिल्ली दरबारात त्याचा नायब म्हणून राहिलेला हा सरदार पुढे १७५२ मध्ये दक्षिणेच्या सुभेदारीवर हक्क सांगण्यासाठी मराठ्यांच्या पाठबळाने औरंगाबादेस आला आणि तेथेच विषप्रयोगाने मेला. त्याने पेशव्यांना देऊ केलेला खानदेश-बागलाणचा मुलूख त्याच्या मृत्यूनंतर भालकीच्या तहाने त्याचा धाकटा भाऊ सलाबतजंग याच्याकडून मराठ्यांच्या पदरात पडला. ज्याने उत्तरेत हजारो अनोळखी प्रवाशांच्या निर्धास्त झोपेची तजवीज केली, त्याला स्वतःला दक्षिणेतल्या मुक्कामात ती लाभू नये, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

सराई नेमकी येथेच का, याचे उत्तर भूगोलात आहे. पूर्वेकडून राजधानीस जाणाऱ्यापुढे अखेरचा अडसर यमुनेचा असे. कायमचा पूल नव्हता. होड्यांचा असला तरी पावसाळ्यात त्याचा भरवसा नसे. १७६० च्या पर्जन्यकाळात भाऊसाहेबांची फौज एका तीरी आणि अब्दालीची दुसऱ्या तीरी अशी महिनोगणती खोळंबून राहिली, आणि पाणी उतरणीस लागल्यावर ऑक्टोबरात अब्दालीने बागपतास नदी ओलांडली, हे पानिपतच्या इतिहासातून आपल्याला ठाऊक आहे. जेथे फौजांची ही गत, तेथे दोन बैलगाड्या कापड घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याची काय कथा? त्यातून सूर्यास्तानंतर शहराच्या वेशी बंद होत. तेव्हा सहाएक कोस अलीकडेच थांबावे, जनावरांना दाणावैरण द्यावी आणि सकाळी ताज्या दमाने नदी गाठावी, हाच शहाणपणाचा हिशेब होता.

मात्र थांबायचे ते कशाच्या भरवशावर, हा प्रश्न उरतोच. शेरशहाने सडकांवर दर दोन कोसांना सराई बांधून तीत हिंदू व मुसलमान प्रवाशांची निरनिराळी सोय केली, असे त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी सांगतो. पण सराईतल्या नित्याच्या व्यवहाराचे जिवंत चित्र पाहावे ते व्हेनिसहून आलेल्या मनुचीच्या लेखणीतून. एकेका सराईत आठशे ते हजार माणसे आपल्या घोड्याउंटांसह मावत. अंगणात झाडे, शिधासामानाची दुकाने, खोल्या झाडून खाटा मांडून देणारे नोकर. सूर्य मावळताच दरोगा दरवाजे लावून घेई आणि पुकारा करी की, प्रत्येकाने आपला जिन्नस सांभाळावा, घोड्यांचे पाय बांधावेत आणि विशेषेकरून कुत्र्यांवर नजर ठेवावी, कारण हिंदुस्थानातली कुत्री भारी धूर्त व अट्टल चोर आहेत. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी पहारेकरी तीनदा ओरडून ताकीद देई. कोणाची वस्तू गहाळ झाली असेल तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही, असा दंडक होता. आणि चोर सापडला की त्याला सराईसमोरच फासावर चढवीत. शिक्षेचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु भाड्याच्या मोबदल्यात प्रवाशाला छप्पर आणि खाटेखेरीज आणखी काय मिळत होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

खुद्द दिल्लीत शहाजहानची कन्या जहानआरा हिने चांदणी चौकात उभारलेल्या सराईबद्दल फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवलेला अभिप्राय मननीय आहे. अशा वीसेक इमारती पॅरिसात असत्या, तर नवख्या माणसाला सुरक्षित आणि माफक दराचे बिऱ्हाड शोधताना आजच्याइतके गोंधळावे लागले नसते, असा त्याचा आशय आहे. त्या सराईत मात्र इराणी, उझबेक आणि अन्य परदेशी धनिक व्यापाऱ्यांचा राबता असे. सामान्य ऐपतीच्या वाटसरूची भिस्त सडकेवरच्या सराया आणि त्यांतल्या भटियाऱ्यांच्या चुली यांच्यावरच होती.

ही सारी व्यवस्था मोडकळीस आली ती आगगाडीमुळे. १८६४ मध्ये लोहमार्ग येथे पोहोचला आणि गाझिउद्दीननगराचे लांबलचक नाव आखडून गाझियाबाद झाले. १८६७ च्या आरंभी यमुनेवरचा लोखंडी पूल खुला होऊन नदीचा अडसरच नाहीसा झाला. पूर्वी एक मजल असलेले अंतर घटकेचे उरले, आणि १८७० च्या सुमारास अमृतसरकडचा मार्ग येथे येऊन मिळाल्यावर गावाला सराईऐवजी जंक्शनचे महत्त्व आले. योगायोग असा की, त्याच १८६७ साली सरकारने सरायांसाठी स्वतंत्र कायदा केला. सराईवाल्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंदणी करावी, खोल्या, ओसऱ्या, गटारे व विहिरी स्वच्छ राखाव्यात, सांसर्गिक रोगाची खबर पोलिसांना द्यावी, पहारेकरी ठेवावेत आणि भाड्याचा दरफलक सर्वांना दिसेल असा लावावा, अशी कलमे त्यात आहेत. मोगल दरोग्याच्या पुकाऱ्याची जागा अशा रीतीने इंग्रजी अमलातल्या दप्तराने घेतली. परंतु सुरक्षितता, स्वच्छता आणि आगाऊ ठरलेला दर ही वाटसरूची मागणी होती तशीच राहिली.

आता वर्तमानाकडे वळू. दिल्लीस कामानिमित्त जाणारा आपल्याकडचा मध्यमवर्गीय गृहस्थ महाराष्ट्र सदनाची आशा नसेल तर पहाडगंज धुंडाळतो, आणि तेथल्या गल्ल्यांना कंटाळला की त्याची दृष्टी गाझियाबादेकडे वळते. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच गाड्या ज्या निजामुद्दीन स्थानकावर येतात, त्याच्या शेजारच्या वस्तीला आजही सराय काले खान म्हणतात. तेथून मेट्रोने आनंदविहार आणि गाडी बदलून पुढे कौशांबी किंवा वैशाली गाठले, की माणूस गाझियाबाद जिल्ह्यात येतो. २०१९ पासून मेट्रोची दुसरी वाट शहीद स्थळापर्यंत, म्हणजे जुन्या गावाच्या बरीच जवळ आली आहे. राजधानीच्या अलीकडे उतरण्याची अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची युक्ती अशी पुन्हा व्यवहारात आली.

पण जुन्या वाटसरूचा पूर्ण हिशेब केल्याखेरीज ती युक्ती फलद्रूप होत नाही. खोलीचे भाडे कमी म्हणून मेट्रो स्थानकापासून दूरची जागा घ्यावी आणि सकाळ-संध्याकाळ रिक्षा-टॅक्सीवर तितकाच पैसा उधळावा, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शहराच्या वेशी आता नाहीत खऱ्या. तरी रात्री अकराच्या सुमारास अखेरची मेट्रो निघून गेली की वेस मिटल्यासारखीच होते, आणि रात्री उशिराच्या गाडीने येणाऱ्याने ते ध्यानी धरून पहिल्या रात्रीपुरते रेल्वे स्थानकाजवळच राहणे इष्ट. कर व न्याहारी धरून एकूण रक्कम लेखी मागावी, पैसे भरण्याआधी खोली आणि न्हाणीघर डोळ्यांनी पाहावे, रात्री दाराशी माणूस असतो की नाही हे विचारावे. यांपैकी कोणतीही चौकशी नवी नाही. पहिल्या दोन १८६७ च्या कायद्यात अभिप्रेत आहेत आणि तिसरी मनुचीच्या दरोग्याइतकी जुनी आहे. गाझिउद्दीनाच्या सराईत उतरणाऱ्याला या बाबींची हमी भिंती आणि दरवाजे देत असत. आजच्या पाहुण्याला ती स्वतः विचारून मिळवावी लागते, आणि जो विचारीत नाही त्याला स्वस्त खोली शेवटी महागच पडते.