सह्याद्रीचें पाणी आणि मुंबईची वीज

विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्या मुख्यतः कोळशावर चालत. तो बंगालच्या खाणींतून हजार मैलांहून अधिक प्रवास करून येई. म्हणजे गिरणीमालक कोळशाबरोबर त्याच्या वाहतुकीचें भाडेंही भट्टींत जाळीत. इकडे चाळीस-पन्नास मैलांवर सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसाचें पाणी मात्र फुकट वाहून जाई. या पाण्याचा ध्यास जमशेटजी टाटांनीं घेतला. १९०४ सालीं ते निवर्तले. १९१० सालीं कंपनी निघाली आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें.

खरी अडचण निराळीच होती. पाऊस चार महिन्यांचा, गिरण्या बारा महिन्यांच्या! म्हणून लोणावळा, वळवण व शिरवता येथें तलाव बांधावे लागले. तेथून पाणी नळांवाटे सुमारे १७०० फूट खालीं सोडलें, कीं चक्रें फिरत. इंधन विनामूल्य; खर्च सारा साठवणुकीचा.

या साठवणुकीची एक किंमत मात्र विजेच्या दरांत कधींच धरली गेली नाहीं. निळा-मुळेच्या संगमावर धरण व्हावयाचें ठरलें, तेव्हां मुळशी खोऱ्यांतील मावळ्यांचीं आंबेमोहोराचीं शेतें बुडणार होतीं. १९२१ च्या रामनवमीस त्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले व त्यांनीं तुरुंगवास भोगला. धरण झालेंच, आणि १९२७ सालीं त्या पाण्यावर भिऱ्याचें वीजगृह चालूं लागलें. मुंबईस वीज स्वस्त पडली ती कोणाच्या खर्चानें, हें येथें विसरतां येत नाहीं.

आज तोच प्रश्न सूर्याच्या रूपानें पुढें उभा आहे. सौरवीज दुपारीं विपुल आणि स्वस्त, तर शहराची मागणी दिवेलागणीनंतरही चढीच. तेव्हां दुपारच्या विजेनें खालचें पाणी वरच्या तलावांत चढवावें आणि रात्रीं तें पुन्हां खालीं सोडावें, ही युक्ति. भिऱ्यास असें १५० मेगावॉटचें यंत्र पूर्वींच बसलें आहे. २०२३ सालीं शिरवता येथें १८०० व भिवपुरी येथें १००० मेगावॉटच्या योजनांचा राज्य सरकारशीं करार झाला. पाणी चढवितांना व उतरवितांना मिळून वीज सुमारे पंचमांश वायां जाते. त्यामुळें दुपारच्या व रात्रीच्या दरांतील अंतर ही घट आणि बांधकामाचा खर्च भरून काढण्याइतकें असेल, तरच हा व्यवहार ग्राहकास परवडतो.