अन्नपूर्णेचें शिखर आणि त्याचे वाटेकरी

सातारा जिल्ह्याच्या जुन्या नकाशांत पूर्वेच्या अंगाला कडेगांव हें नांव आढळतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला, १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें, आणि कडेगांव एका नकाशांतून दुसऱ्या नकाशांत गेलें; परंतु गांवाची ख्याति पूर्वीं होती तीच राहिली. ही ख्याति उंचीची आहे. मोहरमांत येथें निघणारे ताबूत इतके उंच असतात कीं, त्यांना गगनचुंबी हेंच विशेषण सर्वत्र लावतात. आणि हिंदु व मुसलमान मिळून ते उचलतात. याच तालुक्यांत सोनसळ गांवाजवळ दुसरी एक उंची आहे. ती माणसानें रचलेली नाहीं. तो चौरंगीनाथाचा डोंगर होय.

चौरंगीनाथाची कथा नवनाथांच्या भक्तांस परिचित आहे. सावत्र मातेच्या खोट्या आरोपावरून एका राजपुत्राचे हातपाय तोडण्यांत आले. मत्स्येंद्र आणि गोरक्ष यांनीं त्याला जवळ केलें. हिमालयांत, बदरिकाश्रमीं, एका गुहेंत डोक्यावरील शिळेकडे दृष्टि खिळवून त्यानें तप केलें, आणि त्या तपाच्या शेवटीं त्याला पुन्हां हातपाय फुटले. कडेगांवकडील भाविक हा डोंगर चढतो तो या श्रद्धेनें. माथ्यावर पोंचून तो हात जोडतो आणि खालीं उतरतो. आपण डोंगर जिंकला असें त्याच्या मनांतहि येत नाहीं.

डोंगर जिंकण्याची भाषा अलीकडची आहे. सह्याद्रींत मावळा चढला तो गड राखण्यासाठीं, धनगर चढला तो कुरणासाठीं, यात्रेकरू चढला तो देवासाठीं. केवळ शिखर आहे म्हणून तें चढावें, ही वृत्ति अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आल्प्स पर्वतांत मूळ धरूं लागली. १७८६ सालच्या ऑगस्टमध्यें शामोनी या खेड्याचा वैद्य पाकार आणि स्फटिक गोळा करणारा बालमा हे दोघे माँ ब्लांच्या शिखरावर पोंचले. दोघांनीं मिळून केलेल्या या चढाईचें श्रेय पुढें बहुतांशीं एकट्या बालमाच्या पदरांत पडलें, आणि पाकार दीर्घकाळ विस्मृतींत राहिला. गिर्यारोहणाचा आरंभ झाला तो असा, श्रेयाच्या वादानें. शिखरावर जागा थोडी असते. इतिहासाच्या पानावर ती त्याहूनहि थोडी ठेवण्याची मनुष्याची संवय आहे. ही संवय किती अन्यायाची ठरते याचें उदाहरण पाहावयाचें तर अन्नपूर्णेच्या चढाईंचा इतिहास पाहावा.

नेपाळांत पोखरा शहराच्या उत्तरेस अन्नपूर्णेची पर्वतरांग पसरली आहे. हें नांव मराठी माणसाला परकें वाटण्याचें कारण नाहीं. लग्नाच्या दिवशीं गौरीहरापाशीं बसलेली वधू तांदळाच्या राशीवर ठेवलेल्या अन्नपूर्णेची पूजा करते, आणि ती बोटभर उंचीची मूर्ति तिच्याबरोबर माहेराहून सासरच्या देवघरांत जाते. त्याच देवीचें नांव धारण करणारें मुख्य शिखर ८,०९१ मीटर, म्हणजे २६,५४५ फूट, उंच असून जगांतील शिखरांत त्याचा क्रमांक दहावा लागतो. महाराष्ट्रांत जिच्याहून उंच शिखर नाहीं ती कळसूबाई १,६४६ मीटरांची. अन्नपूर्णा तिच्या जवळजवळ पांचपट होते. आठ हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या सुमारें एक तृतीयांश उरतो. दोन पावलें टाकावीं आणि धापा टाकीत उभें राहावें, अशी तेथील चाल असते. भूक मरते, झोंप लागत नाहीं, आणि सर्वांत वाईट म्हणजे विचारशक्ति मंदावते. आपण चुकत आहों हें ज्यानें कळावयाचें तें साधनच तेथें बोथट होतें.

नेपाळचीं दारें परकीय गिर्यारोहकांसाठीं उघडूं लागलीं त्याच सुमारास, १९५० च्या वसंत ऋतूंत, मोरिस हर्झोग याच्या नेतृत्वाखालीं एक फ्रेंच पथक तेथें गेलें. धौलागिरि अथवा अन्नपूर्णा यांपैकीं जें साधेल तें शिखर चढावें, अशी त्यांना परवानगी होती. त्या काळपर्यंत आठ हजार मीटरांवरील एकाहि शिखराच्या माथ्यावर माणूस पोंचला नव्हता. जवळचे नकाशे चुकीचे निघाले. एप्रिल आणि अर्धा मे केवळ वाट शोधण्यांत गेला. धौलागिरि दुःसाध्य दिसला, अन्नपूर्णेच्या पायथ्याचा मार्गच सांपडेना, आणि जूनच्या आरंभीं पावसाळा येऊन ठेपणार होता. अखेर मेच्या मध्यास निर्णय झाला, आणि पुढच्या सुमारें तीन आठवड्यांत उत्तरेच्या बाजूनें एकामागून एक पांच तळ वर चढविण्यांत आले. यांतील ओझ्यांचा मोठा भाग शेर्पांच्या पाठीवर होता.

शेवटच्या चढाईच्या आदल्या दिवशीं हर्झोगनें शेर्पांचा नाईक आंग थारके यास आपल्याबरोबर शिखरावर येण्याचें निमंत्रण दिलें. आंग थारकेनें तें आदरपूर्वक नाकारलें. त्याचे पाय गारठूं लागले होते. वीरकथांत अशा नकाराला स्थान मिळत नाहीं. परंतु त्या तळावर आपल्या देहाचें बोलणें ज्यानें नीट ऐकलें असा हाच एक मनुष्य होता, असें पुढील घटना पाहतां म्हणावें लागतें.

३ जून १९५० रोजीं पहांटे हर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय निघाले. लाशनाल हा शामोनीचा वाटाड्या होता. लोकांना डोंगरांत नेऊन आणणें हा त्याचा धंदा, आणि पाय हें त्या धंद्याचें भांडवल. वाटेंत त्याच्या पायांची संवेदना गेली. आपण परतलों तर तूं काय करशील, असें त्यानें हर्झोगला विचारलें. हर्झोगचें उत्तर, आपण एकटे पुढें जाऊं, असें होतें. लाशनाल पुढें चालूं लागला. दुपारीं दोनच्या सुमारास दोघेहि माथ्यावर उभे होते. मनुष्यानें चढलेलें आठ हजार मीटरांवरील तें पहिलें शिखर होय.

इतिहासाचीं पुष्कळ पानें येथें संपतात. खरी कथा येथून सुरू होते. उतरतांना हर्झोगचे हातमोजे हातांतून सुटून उतारावरून घरंगळत गेले. पिशवींत जादा पायमोजे होते, ते हातांत घालतां आले असते. परंतु हें त्याला सुचलेंच नाहीं. वरच्या तळावर लिओनेल तेरे आणि गास्तों रेब्युफा हे दोघे सहकारी येऊन थांबले होते. दुसऱ्या दिवशीं शिखर गांठण्याची त्यांची पाळी होती. त्यांनीं ती पाळी सोडली आणि मित्रांचे गोठलेले हातपाय दोराच्या टोकांनीं झोडपीत सारी रात्र जागून काढली. सकाळीं वादळ सुटलें, वाट चुकली, आणि संध्याकाळीं लाशनाल बर्फांतील एका भेगेंत पडला. ती भेगच चौघांचें रात्रीचें घर झाली. चौघांत झोंपण्याची पिशवी एकच होती. पहांटे वरून बर्फाचा लोट आला आणि त्यांत त्यांचे बूट गाडले गेले. तेरे आणि रेब्युफा यांना बर्फाच्या लखलखाटानें दिसेनासें झालें होतें. ज्यांना दिसत होतें त्यांना धड चालतां येत नव्हतें, आणि ज्यांना चालतां येत होतें ते आंधळे झाले होते. मार्सेल शात्झ हा सहकारी शोधीत आला म्हणून ते वांचले.

पुढचा जवळजवळ महिनाभराचा प्रवास दोघांनीं पायांनीं केला नाहीं. मुसळधार पावसांत, निसरड्या दऱ्यांतून, नेपाळी हमालांनीं त्यांना पाठीवर वाहून आणलें. वाटेंत डॉक्टर उदो त्यांचीं सडलेलीं बोटें कापीत होता. हर्झोगनें हातापायांचीं बोटें गमावलीं, लाशनालनें पायांचीं. चौरंगीनाथाच्या कथेंत हिमालयानें तोडलेले हातपाय परत दिले. इतिहासांतील हिमालय तसें करीत नाहीं. ज्यांच्या पाठीवरून हर्झोग फ्रान्सला परत जाऊं शकला, त्या हमालांपैकीं बहुतेकांचीं नांवें सामान्य वाचकाला ठाऊक नाहींत.

१९५१ सालीं हर्झोगचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि जगभर लाखों प्रतींनीं खपलें. पथकांतील इतरांनीं पांच वर्षें कांहीं प्रसिद्ध करूं नये असा करार निघण्यापूर्वींच झालेला होता. ती मुदत संपते न संपते तोंच, १९५५ सालीं, लाशनाल आल्प्समध्यें बर्फाच्या भेगेंत पडून मृत्यु पावला. त्याच्या टिपणांचें पुस्तक १९५६ सालीं निघालें तें कांटछांट होऊन. मूळ मजकूर १९९६ सालीं लोकांपुढें आला. त्यांत त्यानें लिहिलेला आशय असा कीं, शिखराचा मोह त्याला नव्हता. एकटा हर्झोग पुढें गेला तर परत येणार नाहीं हें त्याला दिसत होतें, म्हणून तो परतला नाहीं. ज्या दोराला दोघे बांधले जातात त्या दोराचा धर्म त्यानें पाळला, आणि त्याची किंमत पायांच्या बोटांनीं चुकविली. हर्झोगचें धैर्य यामुळें कमी होत नाहीं. मात्र शिखरावर एक नव्हे तर दोन निरनिराळीं कारणें पोंचलीं होतीं, आणि त्यांतील एक कारण शेहेचाळीस वर्षें अंधारांत राहिलें, एवढें सिद्ध होतें.

अन्नपूर्णेच्या इतिहासांत स्त्रियांचें पान १९७८ सालीं उघडलें. अमेरिकेहून आर्लीन ब्लुम हिच्या नेतृत्वाखालीं तेरा स्त्रियांचें पथक आलें. सदऱ्यांवर एक खोंचक घोषवाक्य छापून आणि ते सदरे विकून त्यांनीं खर्चाचा बराच भाग उभा केला होता. स्त्रीचें स्थान माथ्यावर आहे, असा त्याचा भावार्थ. १५ ऑक्टोबर रोजीं इरीन मिलर आणि व्हेरा कोमार्कोव्हा या दोघी मिंग्मा आणि च्येवांग या शेर्पांसह शिखरावर पोंचल्या. दोनच दिवसांनीं दुसऱ्या तुकडींतील ॲलिसन चॅडविक आणि व्हेरा वॉटसन या दोघी कड्यावरून कोसळून मरण पावल्या. यशाची तार आणि शोकाची तार यांत अंतर फारसें राहिलें नाहीं.

महाराष्ट्रांत या विद्येची जोपासना सह्याद्रीच्या कड्यांवर झाली. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ सालीं एव्हरेस्टवर पोंचले. २०१२ सालीं गिरिप्रेमी या पुण्याच्या संस्थेचे आठ गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेंत त्याच शिखरावर गेले. पुढच्याच वर्षीं, २०१३ सालीं, साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनीं एव्हरेस्ट चढलें. २०१८ सालीं ल्होत्से, २०१९ सालीं मकालू अशीं शिखरें करीत १६ एप्रिल २०२१ रोजीं त्या अन्नपूर्णेच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. त्या शिखरावर पोंचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २०२२ च्या मेमध्यें कांचनगंगाहि त्यांनीं चढली. बोटभर उंचीची अन्नपूर्णा माहेराहून सासरीं नेणाऱ्या मुलखांतील एक कन्या आठ हजार मीटरांच्या अन्नपूर्णेपर्यंत गेली, ही गोष्ट जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सातारकरांना अभिमानाची वाटावी यांत नवल नाहीं.

१९५० आणि २०२१ यांमध्यें साधनांचा फरक फार मोठा आहे. नकाशे अचूक झाले. आकाशांतील उपग्रहांवरून वादळाची सूचना आधीं मिळते. उबदार बूट, प्राणवायु आणि हेलिकॉप्टर उपलब्ध झालें. चढणाऱ्यापूर्वीं शेर्पा पुढें जाऊन कड्यावर दोर बांधून ठेवतात. एक गोष्ट मात्र बदलली नाहीं. अन्नपूर्णेच्या उतारांवरून हिमाचे लोट पूर्वींसारखेच कोसळतात, आणि दोर बांधणारा मनुष्य त्या लोटांखालून सर्वांच्या आधीं जातो.

या मनुष्याचा न्याय व्हावा अशी एक घटना त्याच वर्षाच्या आरंभीं घडली. १६ जानेवारी २०२१ रोजीं दहा नेपाळी गिर्यारोहक हिंवाळ्यांतील केटू शिखराजवळ पोंचले. हिंवाळ्यांत तें शिखर तोंपर्यंत कोणासहि साधलें नव्हतें. माथा कांहीं पावलांवर राहिला असतां पुढचे थांबले, मागच्यांची वाट पाहिली, आणि दहाहि जण खांद्याला खांदा लावून आपलें राष्ट्रगीत गात एकदम वर गेले. पहिला कोण, हा प्रश्न त्यांनीं इतिहासकारासाठीं शिल्लकच ठेवला नाहीं. पाकार आणि बालमा यांच्यापासून चालत आलेल्या वादाला याहून सुंदर उत्तर मिळालेलें नाहीं.

मोहरमांत कडेगांवचे ताबूत हालूं लागले म्हणजे गर्दींतल्या बालकांची दृष्टि कळसावर असते, आणि ज्यांनीं आयुष्यांत एकदां तरी त्या ओझ्याला खांदा दिला आहे त्यांची दृष्टि खालच्या खांद्यांवर जाते. एक खांदा ढळला तर कळस डोलतो, हें त्यांना ठाऊक असतें. शिखरांचा इतिहास वाचतांना हीच दृष्टि ठेवावी. कळसावरचें नांव आणि तारीख अवश्य वाचावी, गौरवानें वाचावी. आणि मग सावकाश खालीं उतरत यावें. गारठलेल्या पायांचें ऐकून थांबलेला आंग थारके, सोबत्यासाठीं न परतलेला लाशनाल, हातांत आलेली पाळी सोडणारे तेरे आणि रेब्युफा, पावसांत माणूस पाठीवर घेऊन चाललेले हमाल, हे सारे त्या उतारावर भेटतात. शिखर यांच्याहि वाटणीचें आहे.