शिकारीचा शिष्टाचार (मध्यप्रांत)

1861 साली नागपूर ही राजधानी मुक्रर होऊन स्थापन झालेल्या मध्यप्रांतातील सरकारी राखीव जंगलांत परवानाधारक शिकाऱ्यांनी परस्परांशी पाळावयाचे संकेत. एकाच रानात दोन टोळ्या उतरल्यास गोळ्यांची धास्ती आणि कलह दोन्ही अटळ असल्याने, वनखात्याने जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडून प्रत्येक ब्लॉक ठरावीक मुदतीपुरता एकाच परवानाधारकाच्या हवाली करण्याची जी पद्धत अवलंबिली, तीच या शिष्टाचाराचा कायदेशीर पाया होय. दुसऱ्याच्या ब्लॉकात हाका घालणे (आरडाओरडा करून जनावरे शिकाऱ्याकडे हाकणे) अथवा त्याने बांधलेल्या गाऱ्याजवळ (आमिषाच्या जनावराजवळ) मचाण उभारणे गर्हणीय ठरे. ज्याच्या गोळीने प्रथम रक्त निघाले त्याचीच शिकार, हा दंडक निर्विवाद होता. परंतु त्याहून थोर कर्तव्य म्हणजे जखमी जनावराचा माग काढून त्याच्या यातनांचा अंत करणे, कारण घायाळ वाघ वा अस्वल मोकळे सोडणे म्हणजे निरपराध गावकऱ्यांच्या जिवाशी खेळणे होय. मात्र ही सारी मर्यादा बंदूकधाऱ्यांच्या आपसांतली होती. शस्त्रावाचून झाडीत शिरणाऱ्या गोंड हाकेकऱ्यांचा, ज्यांच्या ज्ञानावर शिकार अवलंबून असे, तीत यथोचित विचार झाला नाही, हा तिचा मोठा दोष मानला पाहिजे. संकेतांखेरीज कायद्याचे बंधनही आहे: 1927 च्या वन अधिनियमाच्या कलम 26 अन्वये राखीव जंगलात नियमबाह्य शिकार हा गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिल्लक राहिलेली हौशी शिकारीच्या परवान्यांची तरतूद 1991 च्या दुरुस्तीने रद्द झाली.