पॅथॉस म्हणजे करुण रस नव्हे

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण इंग्रजी घेऊन बी.ए., एम.ए. करताहेत. वसई-विरारकडच्या मुलांची गंमत अशी, की घरी कादोडी नाहीतर वाडवळी, शाळेत मराठी आणि कॉलेजात एकदम अ‍ॅरिस्टॉटल. मग आयरनी, पॅथॉस, लोगोस अशी यादी करायची, प्रत्येकापुढे एक मराठी शब्द लिहायचा आणि पाठ करायचं. परीक्षेपुरतं भागतं. पण तोच शब्द घेऊन स्वतःचं एक वाक्य लिहायला बसलं की पेन अडतं.

हीच अडचण उलट दिशेने एका इंग्रजाला आली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. वसई तेव्हा पोर्तुगीजांचीच, १५३४ पासून. पण स्टीफन्स यांचं मुख्य काम गोव्यात, साष्टीकडे. १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण आलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. युरोपातल्या धर्मशास्त्रातल्या कल्पना मराठीत मांडायच्या कशा? त्यांनी दोन्ही वाटा धरल्या. स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. त्या शब्दाबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात विष्णूही येणार, हे त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. बाप्तिस्म्यासारख्या संस्काराचं नाव मात्र परकंच ठेवलं. म्हणजे जोडी कुठे जुळते आणि कुठे नाही, याचा निवाडा त्यांनी एकेका शब्दागणिक केला.

पुढे कोश आले. मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा केला, तो १८४७ साली निघाला. अफाट कष्टाचं काम, त्याबद्दल वाद नाही. पण कोश वापरता वापरता आपल्याला एक सवय लागली: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, आणि मधे जणू बरोबरचं चिन्ह. स्टीफन्स यांचा तो निवाडा आपण सोडून दिला.

आता पॅथॉस घ्या. मुलं हमखास ‘करुण रस’ लिहितात. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला तो सभा आणि न्यायालय डोळ्यांपुढे ठेवून. त्याच्याकडे पॅथॉस म्हणजे श्रोत्याच्या मनात उठवलेली भावना, जिच्यामुळे त्याचा निर्णय बदलतो. एकेका भावनेचा विचार तो सुरू करतो तोच मुळी रागापासून. भीती, मत्सर, लाज, सगळं त्यात येतं. आपला रसविचार उगवला रंगभूमीवर, भरताच्या नाट्यशास्त्रात. प्रेक्षकाने शोकाचा आस्वाद घ्यायचा, उठून कोणाला शिक्षा द्यायची नाही. हा फरक ज्याला कळला त्याला पॅथॉसही कळला आणि रसही. आणि तो कळायला मराठी येत असणं ही अडचण नाही, उलट भांडवल आहे. नुसत्या इंग्रजीत शिकणाऱ्याला ताडून बघायला दुसरं काही हाताशीच नसतं!

लोगोसचं तर आणखी मजेदार. नाताळच्या दिवशी चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचतात. मराठी बायबलमध्ये तिथे ‘शब्द’ येतो, तो मूळ ग्रीकमधला लोगोसच. वक्तृत्वाच्या तासाला मात्र लोगोस म्हणजे युक्तिवाद. तोच ग्रीक शब्द बोलणं, कारण देणं, हिशेब मांडणं असं सगळं पोटात घेतो. मराठीत एकाच शब्दात ते मावत नाही. भर्तृहरीचं शब्दब्रह्म आठवलं तर ‘शब्द’ जवळचा वाटतो, पण कोर्टातल्या वकिलाच्या लोगोसला तो अजिबात चालायचा नाही.

म्हणून मी सांगतो, वहीत तिसरा रकाना आखा. त्यात लिहा: ही जोडी कुठे तुटते?

आयरनीपासून सुरुवात करा. समोर उपरोध लिहा, व्याजस्तुतीही लिहा. मग सोफोक्लीसचा ईडिपस आठवा. राजाच्या खुन्याला तो भर सभेत शाप देतो, आणि खुनी तो स्वतःच आहे हे त्याला माहीत नसतं. उपरोधाला टोमणा मारणारा कोणीतरी लागतो. इथे टोमणा मारणारं कोणीच नाही. ईडिपस तर अगदी मनापासून बोलतोय. तरी आयरनी आहे. त्या तिसऱ्या रकान्यात काय लिहाल?