आधी घर, मग नाव

पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली आहे. तुम्ही फाटकाशी उभे आहात. हजेरीच्या यंत्रावर एकेक जण बोट टेकवतो आणि पडद्यावर नावं उमटतात: जाधव, बिराजदार, हिरेमठ, शेख, गेंट्याल. यांच्या घरांत मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू बोलतात आणि सोलापूरला सगळे एकाच बसने परततात. शेवटचं नाव तुमचं. ते धरून मागे चला.

1996. लोकसभेचा निकाल लागलाय आणि तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागात गर्दीतून वाट काढताय. लिंगराज वल्याल निवडून आलेत. त्यांच्याआधी दोनदा धर्मण्णा सादुल, त्याआधी दोनदा गंगाधर कुचन. 1980 पासून ओळीने पाच निवडणुका तेलुगू घरनावांचेच खासदार दिल्लीला गेले. पद्मशाली विणकरांनी या शहरात किती खोल मुळं धरली, हे या पाच निकालांवरून कळतं.

आणखी मागे. साल 1910. भोंगा वाजतोय. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या फाटकावर जॉबर, म्हणजे मजूर भरती करणारा मुकादम, नवी माणसं उभी करतोय. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, निजामाच्या मुलखातली गावं. तिथं पाऊस दगा देतो, सुताची उधारी फिटत नाही. इथं आठवड्याचं पोट तरी भरतं. तुमच्यापुढचा माणूस आपलं नाव सांगतो: गेंट्याला नरसय्या. तेलुगूत घरनाव आधी, माणूस नंतर. या घरनावाला ‘इंटिपेरु’ म्हणतात. मराठी कारकून थबकतो. त्याच्या मस्टरात आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, आडनाव शेवटी. तो नरसय्याला पुढे घेतो, गेंट्यालाला मागे ढकलतो आणि त्याचा शेवटचा ‘आ’ गाळून टाकतो. कुचना, सादुला, वल्याला यांचंही सोलापुरी मराठीत असंच झालं. मला या कारकुनाचा राग येत नाही. त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं आणि त्याच्या अक्षरात नरसय्याच्या पुढच्या पिढ्या शाळेत गेल्या.

इंग्लंडातही नावांवर कारकुनांचा असाच हात फिरला. एक लांब उडी घ्या: यॉर्कशायर, 1379. राजाच्या माणशी कराची यादी चालू आहे. लॅटिनमध्ये लिहिणारा लेखनिक विणकाम करणाऱ्या विल्यमपुढे ‘वेबस्टर’ नोंदवतो. वेबस्टर म्हणजे विणकर. काही पिढ्यांनी घरातला माग गेला, नाव मात्र राहिलं. तुमच्या नरसय्याला धंदा नावात सांगायची गरज नव्हती. पद्मशाली म्हटलं की माग आलाच, ज्याचा वंश ते सांगतात तो मार्कंडेय ऋषी आलाच. घरनावाचं काम वेगळं होतं.

ते काम बघायला नरसय्याच्या गावी या, तो निघण्याच्या आदल्या वर्षी. ओसरीवर सोयरिकीची बोलणी चालली आहेत. मुलगी काय करते, हुंडा किती, हे सगळं नंतर. वडीलधारा आधी विचारतो, ‘‘इंटिपेरु एंदि?’’ दोन्हीकडचं घरनाव एकच निघालं तर बोलणं तिथंच थांबतं; एका घरनावाची मुलं म्हणजे भावंडं. परमुलखात घरनाव विसरलं तर भावाचं लग्न बहिणीशी लागेल, ही खरीखुरी भीती होती. म्हणून मस्टरात ते मागे गेलं, शेवटचा स्वर गमावून बसलं, तरी घरात कुणी सोडलं नाही.

निघायच्या दिवशी नरसय्या धोटा आणि फणी गाठोड्यात घालतो. खड्डामागाचा खड्डा घराच्या जमिनीतच राहतो. आई त्याच्याकडून घरनाव दोनदा म्हणवून घेते आणि सांगते, सोलापुरात पोचलास की खोली बघायच्या आधी आपल्या घरनावाचं कोण राहतं ते विचार.